अंगणात आलेली शाळा

बोर्डीचा समुद्र आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. किनाऱ्यानं सुरूची झाडं, ओहोटीच्या वेळी पार लांब गेलेलं पाणी आणि परत येताना पिशवीत घोलवडचे चिकू! दोन दिवसांची सहल म्हटली की मुंबई-ठाण्याच्या मंडळींना हा पट्टा हमखास आठवतो. पण त्याच किनाऱ्यापासून थोडं आत, चिकूच्या वाड्या ओलांडून गेलं की कोसबाडची टेकडी लागते. किल्ले-धबधबे पाहायला निघालेली सहलीची गाडी सहसा तिकडे वळत नाही.

आणि तरीही आपल्या प्रत्येकीच्या गल्लीशी या टेकडीचं नातं आहे. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपण रोज ऐकतो ना? त्या अंगणवाडीचं माहेर इथलं, बोर्डी-कोसबाडचं!

गेल्या डिसेंबरात आम्ही घरची मंडळी बोर्डीला गेलो होतो. बरोबर जाऊबाई होत्या. त्यांच्या नातवाला तिसरं वर्ष लागलंय. त्यामुळे कुठल्या शाळेची फी किती, कुठल्या वर्गात गार हवेचं यंत्र आहे आणि कुठं भिंतभर पडदा, याशिवाय दुसरा विषय नव्हता. मी म्हटलं, “चला, तुम्हांला एक वेगळ्याच तऱ्हेची शाळा दाखवते.” पुरुषमंडळींना आणि मुलांना वाळूत सोडलं आणि आम्ही दोघी रिक्षात बसलो.

दोघी बायका, दोन वाटा

कोसबाडची गोष्ट म्हणजे दोन बायकांची गोष्ट. पहिल्या ताराबाई मोडक. जन्म 1892 चा. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. त्या काळी अशा बायका किती होत्या? संसार टिकला नाही. पदरात लहान मुलगी होती. भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ वकिली सोडून मुलांत रमले होते. गुजरातेत त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई म्हणत. ताराबाई त्यांच्या बालमंदिरात गेल्या आणि बालशिक्षणाच्याच होऊन गेल्या. 1926 साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालवलं.

दुसऱ्या अनुताई वाघ. जन्म 1910 चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत कपाळ पांढरं झालं. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय येत असे, ते आपल्या आज्या-पणज्यांकडून आपण ऐकलेलं आहेच. अनुताई मात्र शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकवू लागल्या. नोकरी करता करता रात्रीच्या शाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या.

1945 साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं शिबिर होतं. तिथं या दोघींची गाठ पडली. शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांच्या मुलांसाठी बालमंदिरं झाली, पण खेड्यातल्या मुलाचं काय, हा प्रश्न ताराबाईंना छळत होता. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी दादरचं बस्तान सोडून त्या बोर्डीला आल्या. पस्तीस वर्षांच्या अनुताई त्यांच्याबरोबर निघाल्या आणि शेवटपर्यंत तिथंच राहिल्या.

शाळा होती, मूल नव्हतं

बोर्डीला शाळा नव्हती असं नाही. पण आसपासच्या पाड्यांवरच्या वारली मुलांना ती असून नसून सारखीच. वेठबिगारीचा तो काळ. लग्नासाठी सावकाराचं कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवराबायकोनं त्याच्याच शेतावर राबायचं. याला ‘लग्नगडी’ म्हणत. याच 1945 साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध लढा उभारला. आईबापच बांधलेले, तिथं मूल मोकळं कुठून असणार? पाच वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली आणि आठ वर्षांचा पोरगा गुरांमागे गेलेला.

अशा घरात जाऊन “मुलाला शाळेत घाला” असं सांगणं सोपं असतं. मूल आलं नाही की “यांना शिक्षणाची आवडच नाही” म्हणायचं आणि हात झटकायचे. या दोघींनी प्रश्नच उलटा केला. मूल शाळेत का येत नाही, असं न विचारता शाळेच्या वेळेला मूल असतं तरी कुठं, हे त्यांनी पाहिलं. आणि जिथं मूल असेल तिथं शाळा नेऊन ठेवली. नीट पाहिलं तर कोसबाडचं सगळं काम या एका गोष्टीतून निघालेलं आहे.

लहान मूल असतं अंगणात. मग शाळा अंगणात! त्यांनी बालवाडीचे दोन प्रकार केले. एक मध्यवर्ती, ठरल्या जागी आणि ठरल्या वेळी भरणारी. दुसरी अंगणातली, मुलांच्या वस्तीत, त्यांच्या घराशीच भरणारी. या दुसरीला ना इमारत लागली ना बाकं. सारवलेलं अंगण हाच वर्ग. पाण्याची बादली, फणी आणि नखं कापायचं साधन ही पहिली पाठ्यपुस्तकं. मूल आलं की आधी हात-तोंड धुवायचं, केस विंचरायचे, नखं काढायची, मग गाणी-गोष्टी.

आता यात काय मोठंसं, असं वाटेल. पण अंगणाला भिंत नसते, हीच तर गंमत आहे. दारात धान्य पाखडत बसलेली आई सगळं बघत असते. बाई मुलाचं डोकं कसं धुते, रडणाऱ्याला कशी समजावते, मारल्यावाचून कशी ऐकायला लावते, हे सारं तिच्या डोळ्यांसमोर घडतं. तिला वेगळं ‘पालकसभे’ला बोलवावं लागत नाही. मुलाबरोबर घरही शिकतं. आणि घराकडून बाईही शिकते. त्यांचे शब्द, त्यांची गाणी, त्यांचे सण शिकल्याशिवाय तिचं पान हलत नाही.

शिंपल्यांचं अंकगणित

मारिया माँटेसोरीबाईंचं नाव आपल्या ओळखीचं आहे. गल्लोगल्ली पाट्या असतात! त्यांचं पहिलं बालघर 1907 साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत सुरू झालं, तेसुद्धा भाडेकरूंच्या चाळवजा इमारतीतच. आया कामाला गेल्यावर मुलं जिन्यात हुंदडत, म्हणून त्याच इमारतीत त्यांच्यासाठी खोली. घर आणि शाळा शेजारी-शेजारी, हा विचार मुळातला आहे. आपल्याकडे पाटी आली, पण हा शेजार कुठंतरी गळला.

माँटेसोरी पद्धतीची साधनं लाकडाची, अगदी मोजूनमापून घडवलेली असतात. सुंदर असतात, पण महाग. पाड्यावर ती आणायची कुठून? ताराबाईंनी त्यातलं तत्त्व घेतलं. मुलानं हातानं हाताळावं, लहान-मोठं लावावं, वेगळं करावं, मोजावं, चुकलं तर आपलं आपण सुधारावं. वस्तू मात्र तिथल्याच घेतल्या. बोर्डीच्या किनाऱ्यावर शिंपल्यांना काय तोटा! बिया, खडे, पानं, फुलं, काटक्या. मूल ज्या वस्तूंत वाढलं त्याच वस्तूंनी मोजायला लागलं. हरवलं तर ओरडा नाही, मोडलं तर दंड नाही, दुसरं वेचून आणायचं! साधन स्वस्त असलं की बाईचा जीवही शांत राहतो आणि मुलाचा हातही मोकळा.

गुरांमागची शाळा, पाळण्याजवळची शाळा

मोठ्या मुलांची अडचण निराळी. 1957 साली या दोघींनी आपलं बिऱ्हाड बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलवलं. इथं पाडे जवळ होते. गुरं राखणारी मुलं सकाळी निघत ती संध्याकाळीच परतत. त्यांनी गुरं सोडून वर्गात बसावं, तर घरी भाकरीचा प्रश्न. मग शिक्षकच साहित्य बरोबर घेऊन कुरणात गेले! हीच ती कुरणशाळा. गुरं चरताहेत, झाडाखाली पोरं बसलीत आणि शिकणं चाललंय. एखादं जनावर दुसऱ्याच्या शेताकडे वळलं तर पोरगं उठेल, त्याला हाकून आणेल आणि पुन्हा येऊन बसेल. वेळापत्रक गुरांच्या चालीनं वाकायचं. पोराला वाकवायचं नाही.

आणि मुली? मैत्रिणींनो, मला स्वतःला सगळ्यांत जवळची वाटली ती ही गोष्ट. कडेवर भावंड असलेली मुलगी शाळेच्या दारापर्यंत येई, पण आत कशी बसणार? मूल खाली ठेवलं तर रडतं, घेऊन बसलं तर वर्ग चालत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ती ‘गैरहजर’ दिसे. खरं तर ती कामावर हजर असे. आईच्या वाटणीचं काम ती करत असे. तेव्हा एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी जोडणी करण्यात आली. हीच ‘विकासवाडी’. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि थोरली वर्गात. पाळणा बांधला आणि मुलीला पाटी मिळाली!

आपण म्हणतो, मुलींच्या शिक्षणासाठी जागृती हवी. हवीच. पण पुष्कळदा जागृतीच्या आधी एक पाळणा हवा असतो. नोकरी करणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना विचारा, त्या हेच सांगतील.

1962 साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. 1973 साली त्या गेल्या. अनुताईंनी पुढं काम थांबू दिलं नाही. बालसेविका तयार केल्या, लिहिलं, माणसं जोडली. 1982 साली प्राध्यापक रमेश पानसे यांच्या साथीनं त्यांनी ग्राममंगल ही संस्था उभी केली. डहाणू तालुक्यातल्या ऐने गावी तिनं आदिवासी मुलांच्या प्राथमिक शाळेचं काम केलं. 1984 साली अनुताईंना पद्मश्री मिळाली. 1992 साली त्या गेल्या तेव्हा या भागात येऊन त्यांना सत्तेचाळीस वर्षं झाली होती. त्यांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन मिळालं तर जरूर वाचा.

पाड्यावरची सकाळ

टेकडीवर झाडी दाट आहे. डिसेंबरात सकाळची हवा गार असते. शाळेच्या घंटेचा आवाज झाडांतून येतो. आम्ही थोडं फिरलो आणि मग रिक्षावाल्या दादांच्या ओळखीनं जवळच्याच एका पाड्यावर गेलो. तिथल्या सेविकाताईंना विचारून त्यांच्या अंगणवाडीत जरा वेळ टेकलो.

खोली लहानशी. भिंतीवर पांढऱ्या रंगात वारली माणसं, फेर धरलेली. दार सताड उघडं. आत दहा-बारा मुलं आणि उंबऱ्याजवळ एक म्हातारी. कुणाची आजी असेल. चारजणं चिंचोके आणि वालाचे दाणे वेगळे करत होती. एक पठ्ठ्या मधेच उठला, बाहेर गेला, कोंबडीमागे एक चक्कर मारून आला आणि पुन्हा आपल्या ढिगापाशी बसला. कुणी हटकलं नाही.

जाऊबाईंना राहवेना. “अहो, दार लावून का घेत नाही? पळतात की!”

सेविकाताई हसल्या. “ताई, दार लावलं की पोरगं दाराकडंच बघत बसतं. उघडं ठेवलं की विसरतं.”

जाऊबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी हळूच चपला काढल्या आणि त्या आजीशेजारी जाऊन बसल्या.

सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. सेविकाताईच सांगत होत्या, पावसात अंगण उपयोगाचं नसतं, एवढ्याशा खोलीत सगळ्यांना दाटीवाटीनं बसवावं लागतं. वजनं, नोंदी, आहाराचा हिशेब यांत त्यांचा कितीतरी वेळ जातो. आणि दिवाळीनंतर निम्मा पाडा ओस पडतो. घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. मुलं आईबापांबरोबर जातात. अंगणवाडी इथंच राहते.

इथं पुन्हा तोच जुना प्रश्न येतो, मूल आता आहे कुठं? 1990 च्या दशकात विधायक संसद या संस्थेनं त्याला उत्तर शोधलं. ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवरच त्यांनी शाळा काढल्या. भट्टीवरचे मजूर राहतात त्या झोपडीला ‘भोंगा’ म्हणतात, म्हणून ती ‘भोंगाशाळा’. ऊसतोडीच्या फडाजवळ साखरशाळा निघाल्या त्याही याच विचारानं. कोसबाडला जे कुरणात झालं तेच इथं भट्टीवर आणि फडावर. मूल हललं की शाळेनंही हलावं!

आता आपल्या गल्लीत

2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशातल्या 33 ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पसरली. आज ती आपल्या शहरांतल्या वस्त्यांतही आहे. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं नातवंड तिथंच जातं. आपण कधी डोकावलो आहोत का? सेविकेला “काही हवं का?” असं विचारलं आहे का? जुन्या साड्यांच्या चिंध्यांच्या बाहुल्या, धुऊन वाळवलेल्या बिया, रिकामे डबे आपल्या घरात पडूनच असतात. तासभर जाऊन गोष्ट सांगायला तर तेवढेही लागत नाहीत.

आणि आपल्या मुला-नातवंडांची शाळा निवडताना इमारतीची उंची न पाहता हे पाहावं:

मूल उठू शकतं का? तीन-चार वर्षांचं मूल तासभर एका जागी बसलं असेल तर ती शिस्त नव्हे, ती भीती असण्याचा संभव जास्त.

वस्तू मुलाच्या हाताला लागतात का? की काचेच्या कपाटात, पाहुण्यांना दाखवायला आहेत?

मुलाच्या घरची भाषा वर्गात चालते का? आईला हाक मारायची ती भाषा ज्या दाराबाहेर ठेवावी लागते, तिथं मूल अर्धंच आत जातं.

आईला आत यायला मुभा आहे का? की फाटकापाशीच डबा ठेवून परत फिरायचं?

एक गोष्ट मात्र पुष्कळजणींना ठाऊक नसते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमायची असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. म्हणजे ही खुर्ची आपल्यासाठीच मांडलेली आहे! “मला काय कळतंय त्यातलं,” असं म्हणून मागे सरू नका. मूल कधी उठतं, काय खातं, कशाला घाबरतं, हे आपल्याइतकं कुणाला कळतं? नेमकं तेच तिथं सांगायचं असतं. जिथं मुलींना भावंडांमुळे शाळा चुकते, तिथं पाळणाघराची मागणी याच समितीत मांडता येते.

जायचं असेल तर

पश्चिम रेल्वेच्या लोकल आता थेट डहाणूपर्यंत जातात. त्यापुढचं स्टेशन घोलवड. दोन्हीकडून बोर्डी-कोसबाडला रिक्षा मिळतात. 2014 पासून हा भाग पालघर जिल्ह्यात येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते. शाळा पाहायची तर आधी कळवून, परवानगी घेऊन जावं. मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. चॉकलेटं वाटण्यापेक्षा गोष्टींची दोन चांगली पुस्तकं न्यावीत.

येताना चिकू जरा टणकच घ्यावेत. तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवले की दोन-चार दिवसांत एकसारखे पिकतात. आणि किनाऱ्यावर मुलांना शिंपले वेचू द्यावेत. घरी आल्यावर गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून, घासून, उन्हात वाळवावेत, म्हणजे वास राहत नाही. मग एका पसरट टोपलीत घालून मुलाच्या हाताला लागेल अशा जागी ठेवावेत. लहान-मोठे, पांढरे-तपकिरी, गुळगुळीत-खरखरीत, काय काय लावायचं ते त्याचं त्याला सुचेल. आमच्या जाऊबाईंनी चक्क दोन पिशव्या भरून घेतल्या. एक नातवासाठी. दुसरी कुणासाठी विचारलं तर म्हणाल्या, “आमच्या कोपऱ्यावर अंगणवाडी आहे ना, तिथं देईन म्हणते.”